व्हिसा चालू, तरी दंड: परदेशात राहणाऱ्यांनी पत्ता कळवायची तारीख

सातपूरकर
१४ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

काल शेजारच्या काकूंकडे त्यांचा भाचा भेटला. अंबडच्या एका टूलरूममध्ये सहा वर्षं डाय-मोल्डचं काम केलेला पोरगा, जानेवारीत थायलंडला निघालाय. रायोंगला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. मी २०२१ ते २०२५ त्याच पट्ट्यात काढली, म्हणून काकूंनी मला चहाला बोलावलं. तासभर प्रश्न चालले. तूरडाळ मिळते का, खोलीचं भाडं किती, काळा मसाला किती न्यावा. उठता उठता मी विचारलं, "नव्वद दिवसांच्या रिपोर्टबद्दल कुणी सांगितलं का?" तो म्हणाला, "व्हिसा वर्षाचा करून देणार आहेत ना काका, मग?"

हेच "मग?" मीही एकदा म्हटलं होतं. त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहून ठेवतो. आपल्या सातपूर-अंबडमधून तिकडे जाणारी मुलं वाढली आहेत, आणि हा विषय निघतो तो दंड बसल्यावरच.

थायलंडमध्ये परदेशी माणूस सलग ९० दिवसांपेक्षा जास्त राहिला, की दर ९० दिवसांनी "मी अजून इथेच, या पत्त्यावर राहतो" असं इमिग्रेशनला कळवावं लागतं. फॉर्मचं नाव टीएम ४७. कायदा १९७९ चा आहे, कलम ३७. त्यांच्या कागदांवर सालं बौद्ध गणनेची असतात, म्हणून तो २५२२ चा कायदा म्हणून दिसेल, गोंधळू नका. या रिपोर्टला फी नाही. यातून व्हिसा वाढतही नाही. ही फक्त पत्त्याची वर्दी आहे, आणि तिची तारीख व्हिसाच्या तारखेपेक्षा पूर्ण वेगळी चालते. व्हिसाची मुदत आठ महिने बाकी असली तरी ही तारीख चुकू शकते.

स्वतः जाऊन करायचा तर ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत करता येतो. त्यानंतर आपण होऊन गेलात तर २,००० बाट दंड. आपले साधारण पाच-सहा हजार रुपये. न जाता आधीच पकडले गेलात तर ५,००० बाटपर्यंत, आणि वर दिवसाला २०० बाटपर्यंत.

आता माझं. आमच्या कारखान्यातल्या परदेशी लोकांची ही कामं एक एजंट करायचा. रिपोर्ट दुसऱ्याच्या हातूनही करता येतो, म्हणून तो सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून न्यायचा आणि चार दिवसांनी परत द्यायचा. आत एक छोटी पावती स्टेपल केलेली असायची, बसच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी, तिच्यावर पुढची तारीख. दोन वर्षं मी ती पावती कधी वाचली नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये एजंटकडचा माणूस बदलला. माझी तारीख होती ९ एप्रिल. पुढे सात दिवसांची सवलत होती, पण त्यातच सोंगक्रानची सुट्टी आली. त्यांचं नववर्ष, सगळा देश बंद. कुणी पासपोर्ट मागितला नाही, मीही दिला नाही.

२९ एप्रिलला मी पुतणीच्या लग्नासाठी नाशिकला यायचं म्हणून परत येण्याचा परवाना काढायला इमिग्रेशनमध्ये गेलो. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट उघडला, त्या पावतीवर बोट ठेवलं आणि कॅलेंडर माझ्याकडे वळवलं. एक शब्द बोलल्या नाहीत. ९ तारखेवरून बोट सरकवत २९ वर आणलं. वीस दिवस. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, ते आजही आठवतं. मागे रांगेत माझ्याच कारखान्यातले दोघं उभे होते.

दंड भरला, पावती मिळाली, परवानाही मिळाला. एजंटने नंतर फोनवर एवढंच सांगितलं की फॉर्म तुमच्या नावावर असतो, दंडही तुमच्या नावावर. संताप आला, पण गोष्ट खरी होती.

---

गोदाकाठ
१४ डिसेंबर २०२५, रात्री १०:१५

माझी मुलगी बँकॉकला असते. मी वर्षातून एकदा दीड-दोन महिने जाऊन राहते. मलाही हा रिपोर्ट लागतो का? आजवर कधी केला नाही. वाचून पोटात गोळा आला.

---

सातपूरकर
१४ डिसेंबर २०२५, रात्री १०:३२

ताई, घाबरू नका. सलग ९० दिवस पूर्ण होत नाहीत तोवर हा रिपोर्ट लागत नाही. दीड-दोन महिन्यांत तुम्ही परत येता, त्यामुळे तुमचा प्रश्नच येत नाही.

पण दुसरी एक वर्दी तुमच्या मुलीच्या घरमालकाला द्यावी लागते. परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं, तो टीएम ३०. जबाबदारी घरमालकाची, दंडही कायद्याने त्याच्यावर. तरी अडतं भाडेकऱ्याचंच, कारण ती नोंद नसेल तर पुढच्या कामांना खिडकीवरून परत पाठवतात. मुलीला विचारून ठेवा.

---

निफाडकर
१५ डिसेंबर २०२५, सकाळी ७:५०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. कंपनी माणसाला घेऊन जाते, मग कागद कंपनीने बघावेत. बारा तास मशीनवर उभा राहणारा पोरगा तारखा मोजत बसणार का? आणि दर तीन महिन्यांनी हजेरी द्यायची म्हणजे परक्या माणसाला संशयित ठरवल्यासारखंच झालं. माझा धाकटा भाऊ आखातात होता, तिथे मुदतीपेक्षा जास्त राहिलं की दिवसाला ५० दिरहॅम. गरीब माणसाचं कंबरडं मोडतं.

---

सातपूरकर
१५ डिसेंबर २०२५, सकाळी ९:०५

दादा, राग कसला. दंड भरून बाहेर आलो तेव्हा माझ्याही मनात हेच होतं. कंपनीने करायलाच हवं, आणि चांगल्या कंपन्या करतात. माझं म्हणणं एवढंच की करून घेणारा कुणीही असो, तारीख मात्र आपल्याला पाठ असावी. पासपोर्ट हातात आला की पावती उघडून वाचायची, दहा सेकंदांचं काम.

तुम्ही आखाताचं जे लिहिलंत ते मुदत संपूनही राहण्याबद्दल आहे. तो वेगळा आणि फार जड गुन्हा. थायलंडमध्ये त्याला दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००. पैशांपेक्षा बंदी वाईट. मुदत संपल्यावर ९० दिवसांहून जास्त राहून आपण होऊन विमानतळावर गेलात तर वर्षभर देशात पाय ठेवता येत नाही. आणि त्याआधी पोलिसांच्या तपासणीत सापडलात तर थोडेच दिवस जास्त झालेले असले तरी पाच वर्षं बंदी. २०१६ पासून हे लागू आहे. रिपोर्ट चुकला म्हणजे मुक्काम बेकायदा झाला असं होत नाही, हे मुद्दाम सांगतो. आमच्यातला एक जण तारीख चुकली म्हणून घाबरून महिनाभर खोलीतून कारखाना आणि कारखान्यातून खोली एवढंच करत होता. इमिग्रेशनला जायचीच त्याला भीती वाटायची. शेवटी मी सोबत गेलो. २,००० बाट, वीस मिनिटं. लपून राहण्याचं काही कारण नव्हतं.

---

द्राक्षवेल
१५ डिसेंबर २०२५, दुपारी ४:२०

धागा फार गरजेचा आहे. मी मूळची पिंपळगावची, गेली सात वर्षं जर्मनीत.

इथे नियम सगळ्यांना सारखा, जर्मन माणसालाही. नव्या घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. उशीर झाला तर दंड १,००० युरोपर्यंत होऊ शकतो. सोबत घरमालकाचं सहीचं पत्र लागतं की हा माणूस अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतो. नुसता भाडेकरार चालत नाही, हे लिहून घ्या. आपली मुलं करार घेऊन जातात आणि परत येतात.

खरी अडचण मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळण्याची. दोन आठवड्यांची मुदत आणि तारीख मिळते पाच आठवड्यांनंतरची. अशा वेळी घर मिळाल्याच्या दिवशीच अपॉइंटमेंट घ्या आणि तिचा ईमेल जपून ठेवा. आपण वेळेत प्रयत्न केला याचा तोच कागद. मी आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका मैत्रिणीच्या सोफ्यावर तीन आठवडे राहिले, तिच्या घरमालकाने पत्र द्यायला नकार दिला. नोंद नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, कारण तो नोंदलेल्या पत्त्यावर पोस्टाने येतो. पहिल्या पगारातून कर भरमसाट कापला गेला. पुढे परत मिळाला, पण तो पहिला महिना मी पाव आणि द्राक्षांवर काढला. घरी बागेत माल उतरत होता आणि मी इथे पाव किलो विकत घेत होते.

दुसरी गोष्ट कायमचं परत येतानाची. देश सोडताना नोंद रद्दही करावी लागते. एका मुलाने केली नाही. तो भारतात लग्न करून संसाराला लागला आणि जर्मनीत त्याच्या नावाने रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीची पत्रं येत राहिली, महिन्याला १८.३६ युरो. दीड वर्षाने कळलं.

आणि राहण्याचा परवाना संपण्याआधी वाढवायचा अर्ज गेलाच पाहिजे. वेळेत अर्ज केला तर निर्णय येईपर्यंत जुना हक्क चालू राहतो, तसा कागदही देतात. एक दिवस उशिरा केलात तर ते संरक्षण हक्काने मागता येत नाही.

---

इंदिरानगर
१५ डिसेंबर २०२५, संध्याकाळी ६:४०

जपानचं थोडक्यात. घर बदललं की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसला. नोकरी बदलली किंवा सुटली की तेही १४ दिवसांत इमिग्रेशनला. दंड दोन लाख येनपर्यंत. नोकरीचं लोक हमखास विसरतात, कारण नव्या नोकरीच्या आनंदात असतात.

---

कॉलेजरोड
१५ डिसेंबर २०२५, रात्री ११:३०

अमेरिकेबद्दल लिहिते, कारण नाशिकचे निम्मे आईबाबा तिकडे ये-जा करतात.

पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा चिकटवलेला असतो. ती तारीख म्हणजे तुम्ही कधीपर्यंत दार वाजवू शकता ती. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ नावाच्या नोंदीत असतं. पर्यटक व्हिसावर बहुतेक वेळा सहा महिने. ही नोंद आता कागदावर मिळत नाही, सरकारी संकेतस्थळावर जाऊन बघावी लागते. आईबाबा उतरले की दुसऱ्या दिवशी ती उघडून छापून घ्या आणि फ्रिजवर लावा. सातपूरकरांच्या पावतीसारखंच आहे हे, फक्त स्टेपल केलेली नसते म्हणून कुणाला दिसत नाही.

त्या तारखेनंतर एक दिवस जरी राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा निकामी होतो. १८० दिवसांहून जास्त राहून निघालात तर तीन वर्षं बंदी, वर्ष किंवा अधिक झालं तर दहा. नातवंडाचं बारसं, मग मुलीची तब्येत, मग "थंडी संपली की जाऊ". असेच दिवस सरतात, कुणाचा वाईट हेतू नसतो. राहायचंच असेल तर मुदत संपायच्या आत वाढीचा अर्ज करायचा.

माझ्या भावाची गोष्ट. एच-वन-बी म्हणजे नोकरीचा व्हिसा, मंजुरी तीन वर्षांची. सुट्टीवर येऊन परत जाताना त्याच्या पासपोर्टची चौदा महिनेच मुदत उरली होती. अधिकाऱ्याने आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच दिलं. तो तीन वर्षांच्या कागदावर निर्धास्त होता. वहिनीने गाडीच्या लायसन्सच्या कामासाठी नोंद छापली आणि तिला तारीख खटकली, म्हणून वाचला.

पत्ता बदलला की १० दिवसांत एआर-११ फॉर्म ऑनलाइन भरायचा, फुकट आहे, पाच मिनिटं लागतात. विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कचेरीला त्याच १० दिवसांत कळवायचं. पोरं सेमिस्टरगणिक खोल्या बदलतात आणि जुनाच पत्ता राहतो. माझ्या भाच्याला मी दर ऑगस्टला फोन करून आठवण देते. तो वैतागतो, तरी देते.

---

त्र्यंबकरोड
१६ डिसेंबर २०२५, सकाळी १०:१०

निफाडकर दादा म्हणाले ना, परक्या माणसाला संशयित समजतात. त्यावर आमच्या घरचं सांगतो.

आमची त्र्यंबक रस्त्यावर तीन खोल्यांची होमस्टे आहे. इगतपुरीला विपश्यनेचा दहा दिवसांचा वर्ग करून परदेशी मंडळी एक-दोन दिवस आमच्याकडे थांबतात, त्र्यंबकेश्वर बघतात, मग पुढे जातात. आपल्याकडेही नियम तोच आहे. परदेशी पाहुणा राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. हॉटेलला लागतो तसाच घरगुती खोली देणाऱ्यालाही. म्हणजे थायलंडच्या घरमालकाला जे लागतं, तेच नाशिकच्या घरमालकाला.

पहिल्या वर्षी एक स्पॅनिश बाई शनिवारी संध्याकाळी आल्या. दहा दिवस मौन पाळून आलेल्या, हळू आवाजात बोलायच्या, आईने केलेली भाकरी दोन्ही हातांत धरून बघत बसल्या होत्या. मी म्हटलं फॉर्म सोमवारी भरू. रविवारी रात्री पोलीस चौकशीला आले. त्यांनी मला नीट समजावलं, दमदाटी केली नाही. पण त्या बाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या. पासपोर्ट छातीशी धरून जिन्यात उभ्या. त्यांची काहीच चूक नव्हती, चूक माझी होती आणि भीती त्यांच्या वाट्याला आली. त्या दिवसापासून पाहुण्याला पाणी दिलं की पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो, आणि चहा व्हायच्या आत फॉर्म.

आता तर १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झालाय. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे असे चार जुने कायदे त्याने मोडीत काढले. २०२७ च्या सिंहस्थासाठी ज्यांनी घरातली एखादी खोली भाड्याने द्यायचं मनात आणलंय त्यांनी हे आत्ताच शिकून घ्या.

---

गोदाकाठ
१६ डिसेंबर २०२५, दुपारी १:२५

मुलीला विचारलं. तिच्या घरमालकाने तिची नोंद केली होती, माझी कधीच नाही. तिलाही माहीत नव्हतं. या वेळी जाईन तेव्हा आधी तेच.

त्र्यंबकरोड, त्या बाईंचं वाचून वाईट वाटलं. आपलं माणूस परक्या देशात जिन्यात असं उभं असेल तर, हे मनात आलं.

---

निफाडकर
१६ डिसेंबर २०२५, रात्री ८:४५

आपल्याकडेही असा नियम आहे हे मला ठाऊक नव्हतं. शब्द मागे घेतो. कंपनीबद्दलचं मत मात्र कायम. ज्या कंपनीने माणूस नेला तिनेच दंड भरावा, एवढं तरी करारात लिहून घ्या पोरांनो.

---

सातपूरकर
१६ डिसेंबर २०२५, रात्री ९:३०

करारात लिहून घ्या, हे शंभर टक्के बरोबर. मी घेतलं नव्हतं.

एक राहिलं. नव्वद दिवस कुठून मोजायचे यात सगळ्यांची गल्लत होते. देशाबाहेर जाऊन परत आलात की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. मी लग्नाहून परतलो तेव्हा पावतीवरची जुनी तारीख बाद झाली होती, नवी मोजणी परत आल्याच्या शिक्क्याच्या दिवसापासून. पण बाहेर जाताना परत येण्याचा परवाना काढलेला असलाच पाहिजे. एकदाचा १,००० बाट, अनेक वेळांचा ३,८००. तो न काढता निघालात तर वर्षभराची मुदतवाढ तिथेच संपते आणि सगळं पहिल्यापासून. घरून फोन येतो, वडील आजारी आहेत, पोरगा तसाच विमानतळावर पळतो. तिथेही परवाना मिळतो, विमानात बसायच्या आधी तेवढा थांबा.

---

नवा_सभासद_अंबड
१३ जानेवारी २०२६, सकाळी ८:१५

नमस्कार. मीच तो भाचा. काल, १२ तारखेला पोहोचलो. काकांनी सांगितल्याप्रमाणे सामान टाकल्याटाकल्या घरमालकीणबाईंना टीएम ३० चं विचारलं. आजीच आहेत. त्यांना फॉर्मचं नाव कळलं, पण केला कधी नव्हता, आधीचे भाडेकरू थाई होते. त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं निळं पुस्तक काढलं, घराच्या नोंदणीचं. आपल्या रेशनकार्डासारखं, घरातल्या सगळ्यांची नावं त्यात. मोबाईलवरच्या भाषांतराने बोलत बोलत आम्ही दोघांनी मिळून ऑनलाइन नोंद केली. रात्री साडेदहा वाजले. त्यांनी मला भात आणि अंड्याचं काहीतरी खायला दिलं.

काका, ९० दिवस मोजले. आलेला दिवस धरून ११ एप्रिल येतो. बरोबर आहे का?

---

सातपूरकर
१३ जानेवारी २०२६, सकाळी ९:००

शाब्बास! बरोबर आहे. जानेवारीचे २०, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१ आणि एप्रिलचे ११.

आता नीट बघ. ११ एप्रिलला शनिवार आहे. ६ तारखेला चक्री दिनाची सुट्टी, आणि १३ ते १५ सोंगक्रान. नंतरची सवलत १८ तारखेपर्यंत म्हणशील, तर त्यात खिडकी उघडी मिळेल १६ आणि १७ एवढीच, आणि त्या दोन दिवशी सगळा जिल्हा रांगेत असेल. तुझा पहिला रिपोर्ट आहे, तो स्वतः जाऊन करावा लागतो, ऑनलाइन त्यापुढचे. २७ मार्चपासून घेतात. शुक्रवार आहे. त्याच दिवशी सकाळी रजा टाक आणि पासपोर्ट एजंटकडे असेल तर आदल्या आठवड्यात मागून घे.

आजींना माझा नमस्कार सांग. तिकडे हात जोडून सांगतात, आपल्यासारखाच.

---

नवा_सभासद_अंबड
१३ जानेवारी २०२६, सकाळी ९:२०

२७ मार्च लिहून ठेवलं, कारखान्याच्या लॉकरच्या दाराला आतून. आजींना नमस्कार सांगितला. त्या विचारतायत तुम्ही परत कधी येणार.